अर्ध्या मात्रेची किंमत
(परसवाडा येथे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



साहित्याच्या प्राध्यापकाने कंपायलरवर बोलावे, याचे आश्चर्य वाटेल. पण कंपायलर हा भाषांतरकारच. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत नेतो. आपण त्याला 'संकलक' म्हणतो. मला तो शब्द पटत नाही. संकलक म्हटले की निवडक कवितांचा संग्रह काढणारा डोळ्यांपुढे येतो.

माझी एक विद्यार्थिनी गावी राहून एका मोठ्या प्रोग्रामवर काम करते. एक ओळ बदलली की कंपायलर वीस-वीस मिनिटे घेई. संगणक जुना म्हणून असे होते, असे तिला वाटे. धान विकून नवा घ्यायची घरात बोलणीही झाली होती.

वेळ कुठे जात होता? भाषांतर लवकर उरकत होते; त्यानंतरच्या संस्करणाच्या फेऱ्या लांबत होत्या. त्यांतली एक पाहा. प्रोसेसरजवळ रजिस्टर नावाचे मोजकेच कप्पे असतात, साधारण सोळा. प्रोग्राममधली नावे मात्र हजारो. एकाच वेळी वापरात असलेली दोन नावे एका कप्प्यात राहू शकत नाहीत, म्हणून कोणाचे कोणाशी जमत नाही हे पाहावे लागते. शंभर नावांच्या जोड्या ४,९५०. हजार नावांच्या ४,९९,५००. नावे दहापट, तपासणी शंभरपट! त्यात लहान फंक्शने मोठ्यात मिसळून टाकणारी आधीची फेरी ही नावे आणखी वाढवते.

कोणते नाव कुठवर 'जिवंत' आहे, हे ठरवण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर यांनी दोन सहकाऱ्यांसह २००९ मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मराठीत असे काही माझ्या विद्यार्थिनीच्या हाती आले नव्हते.

ही हौस नवी नाही. १९५७ च्या फोरट्रानमध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने संस्करणावर अपार श्रम घेतले. हाताने लिहिलेल्या प्रोग्रामइतका वेग मिळाला नसता, तर लोकांनी तो स्वीकारलाच नसता. आपले वैयाकरणही अर्धी मात्रा वाचली की पुत्रजन्माइतके आनंदत म्हणे. ती वाचवताना किती रात्री गेल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. जीसीसी कंपायलर मात्र प्रत्येक फेरीचा हिशेब मागितल्यास देतो.

तिने तो मागितला. बहुतेक वेळ एकाच फेरीत जात होता. रोजच्या कामात तिने संस्करण बंद ठेवले, शेवटची प्रत काढतानाच चालू केले. धान बियाण्यासाठी राहिले. हिशेब कसा मागायचा, हे तिने मराठीत पानभर लिहून दिले आहे. ते आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले आहे.