बहिणीच्या घरचे गोठवलेले डबे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी तुम्हांला उकडीच्या मोदकाची पारी का फुटते ते सांगितले होते. यंदाही खाण्याचेच सांगणार आहे, पण या वेळी चूक पिठाची नाही, माझी आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टरी भाषा मला येत नाही. पाहिले तेवढे सांगते.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. मधुमेह जडलेला, गुडघे धरलेले आणि वजन ११४ किलो. २०२३ च्या जानेवारीत तिने वजन उतरवण्याचे ऑपरेशन करून घेतले. त्यात दुर्बिणीने जठराचा शंभरातला पंचाहत्तर-ऐंशी हिस्सा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. मला वाटले होते, तोंड आवरत नाही म्हणून हे सोपे सोंग काढले. तसे मी तिला फोनवर बोललेही होते. तिने आधी किती वेळा उपाशी राहून वजन उतरवले आणि किती वेळा ते परत चढले, हे तिथे गेल्यावर मला समजले.

मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले. बरोबर मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला होता. तोवर तिचे पातळ पेय, मग दाट पेय, मग कुस्करलेले अन्न हे सारे टप्पे संपून साधे जेवण सुरू झाले होते. पहिल्याच संध्याकाळी फ्रीजचा बर्फाचा खण उघडते तो काय, पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत! वर कोंबडीची, पास्त्याची चित्रे. माझ्या पोटात कालवले. सख्खी बहीण घरात असताना हिने बाजारचे गोठवलेले खावे?

दुसऱ्या दिवशी मी वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर असा साग्रसंगीत स्वयंपाक केला. तिने चार घास खाल्ले आणि हात थांबवला. मी म्हटले, "एवढ्यात? माझी शपथ आहे, एवढा भात संपव." माझ्या शब्दाखातर तिने आणखी दोन-तीन घास घेतले. पाचच मिनिटांत ती छातीवर हात दाबून उठली आणि न्हाणीघरात गेली. उलटी होऊन घामाने डबडबलेली अशी ती टबाच्या कडेवर बसली होती. तिचा अकरा वर्षांचा मुलगा इस्पितळातून मिळालेला कागद घेऊन माझ्याकडे आला नि म्हणाला, "मावशी, आईला आग्रह करायचा नसतो. यात लिहिलंय."

मैत्रिणींनो, त्या पोराच्या तोंडाकडे पाहायची मला लाज वाटली.

रात्री बहीण म्हणाली, "ताई, तुझं वरण मला नको असं नाही गं. पण पातेल्यातलं किती खाल्लं ते मला कळत नाही. खोक्यावर सगळं लिहिलेलं असतं. शिवाय खोका 'आणखी घे' म्हणत नाही."

मग मी ती खोकी नीट पाहिली. अशी तयार जेवणे अमेरिकेत १९५३-५४ पासून स्वॉन्सन कंपनीने घरोघर पोचवली. तेव्हा ॲल्युमिनियमच्या खणांच्या ताटलीत टर्की असे. बेताच्या कॅलरींची 'लीन क्विझीन' १९८१ साली निघाली. साधारण पाव किलोचे खोके, कॅलरी अडीचशे-तीनशे. बहीण पुढचे चित्र पाहतच नसे, मागचे आकडे वाची. प्रथिने पंधरा ग्रॅमच्या खाली असली की खोके परत फळीवर. कामावरून सातला दमून येई आणि पाच मिनिटांत ते गरम होई. आधी कोंबडी खायची, मग भाजी, शेवटी भात किंवा पास्ता, तोही बहुधा उरतच असे. लहान चमचा, बारीक चावणे, वीस मिनिटे. जेवताना पाणी नाही. नंतरही अर्धा तास नाही. अर्धे खोके एका वेळेला पुरे होई, उरलेले दुसऱ्या दिवशी.

चवीचे म्हणाल तर बेताचीच. ब्रोकोली ओल्या फडक्यासारखी. मीठही फार, एका खोक्यात ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ झाले. आणि चीजचे मऊ प्रकार त्या नळीतून सरसर उतरतात, म्हणून पोट भरल्याचे कळत नाही आणि वजन परत चढू लागते. दिवसाची साठ ग्रॅम प्रथिने काही नुसत्या खोक्यांनी भरत नाहीत. दही, अंडी आणि प्रथिनांची भुकटी लागतेच. बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर जन्मभरच्या.

तेव्हा एका रविवारी मी भाच्याला हाताशी धरले. वजनकाटा आणि अर्ध्या वाटीचे झाकणाचे डबे आणले. कमी तेलातला कोंबडीचा रस्सा, मुगाची उसळ, पनीर आणि मासळीचे कालवण केले. शिजलेल्या शंभर ग्रॅम कोंबडीत तीस ग्रॅम प्रथिने, अंड्यात सहा, असा हिशेब भाच्याने केला आणि चिकटपट्टीवर तारखेसकट लिहिला. चौदा डबे गोठवले. बाजारची खोकी मात्र तिने टाकली नाहीत. घाईच्या दिवसांसाठी वरच्या खणात ठेवली, आणि मीही त्याला नाक मुरडले नाही.

मे महिन्यात तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. या ऑपरेशननंतर काही महिने असे होते म्हणतात. मी रोज तेल लावून देई. जूनमध्ये मी निघाले तेव्हा काटा ८८ वर आला होता आणि डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या कमी केल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री तिने माझ्या उसळीचा डबा काढला, निम्मा खाल्ला आणि झाकण लावून परत ठेवला. जिभेवर आलेले शब्द मी कसे गिळले, ते माझे मलाच ठाऊक.

आज भाषणांनंतर अल्पोपहार आहे आणि वाढायला मीच उभी आहे. ज्यांना नको असेल त्यांनी बशीवर नुसता हात ठेवावा. मी पुढे जाईन.