अबोल कोण : डॉक्टर की रुग्णालय?

(पवनी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘आरोग्य आणि समता’ हा विषय दिला होता. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यात काहीही सांगितले तरी खपून जाते. म्हणून मी तो आपल्या परवानगीने आवळून घेतो आणि एका तरुण शल्यचिकित्सकाविषयी बोलतो. त्याचे नाव मी सांगणार नाही, रुग्णालयाचेही सांगणार नाही. विदर्भातलेच एक सरकारी रुग्णालय होते, एवढे आपल्याला पुरे आहे. या गोष्टीत चूक माझी आहे आणि ती कबूल करण्यासाठी कोणा दुसऱ्याचे नाव घेण्याचे कारण नाही.

पुष्कळ वर्षे झाली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. माझ्या परिचयातल्या एका शेतमजूर बाईच्या आतड्याला पीळ पडला. दोन दिवस गावातच औषधपाणी झाले, तिसऱ्या दिवशी पोट फुगून कडक झाले, तेव्हा आम्ही तिला रुग्णालयात नेले. रात्रीचे नऊ वाजले असतील. वॉर्डात एक तरुण डॉक्टर आला. नोकरीवर रुजू होऊन त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. त्याने पोट तपासले, नाडी पाहिली, क्षकिरणाचा फोटो दिव्यासमोर धरला आणि नातेवाइकांकडे वळून तो बोलू लागला. पहिल्याच शब्दावर तो अडला. ओठ मिटलेले, मान ताणलेली, शब्द बाहेर पडेना. पडला तेव्हा पुढचा अडला. बाईच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, तिच्या भावाने दाराकडे पाहिले. ज्याला धड बोलता येत नाही तो पोट कसे कापणार, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तोच होता.

त्या मंडळींत लिहिता येणारा मी एकटा होतो. कार्यकर्ता म्हणून माझी प्रतिष्ठाही होती. त्यांनी मला अर्ज लिहायला सांगितला आणि मी तो लिहिला. सदर डॉक्टरांना बोलता येत नसल्याने रुग्णाच्या जिवास धोका संभवतो, तरी दुसरे डॉक्टर देण्याची कृपा व्हावी, अशा आशयाच्या चार ओळी. आयुष्यभर मी मजुरांसाठी, विडी कामगारांसाठी, धरणग्रस्तांसाठी अर्ज लिहिले. एवढ्या सफाईने आणि एवढ्या लवकर लिहिलेला अर्ज दुसरा आठवत नाही.

अर्ज वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत जाण्याआधी त्या तरुणाच्याच हातात पडला. त्याने तो वाचला, घडी करून परिचारिकेकडे दिला, स्टूल ओढून बाईच्या खाटेजवळ बसला आणि केसपेपर उलटा करून त्यावर चित्र काढू लागला. आतडे काढले, पीळ काढला. काळा पडलेला भाग पेन्सिलीने भरला, तो कापून दोन टोके कशी जोडायची ते बाणांनी दाखवले. अडलेला शब्द त्या भागातलीच असलेली परिचारिका पुरा करी, आणि तो बरोबर असला की तो मान हलवी. बाई वेदनेने कण्हत होती, तरी तिने बोट ठेवून विचारले, एवढेच कापणार ना? त्याने हो म्हटले. हा एक शब्द स्वच्छ निघाला. मग तिने आंगठा दिला.

दुसरा शल्यचिकित्सक त्या रात्री रुग्णालयात नव्हताच. त्यामुळे माझ्या अर्जाला काही अर्थ उरला नाही. बाई वाचली. नवव्या की दहाव्या दिवशी घरी गेली. शस्त्रक्रियागृहात हा डॉक्टर फारसा अडखळत नाही, तिथले शब्द मोजके आणि ठरलेले असतात, असे मला त्या परिचारिकेने नंतर सांगितले. त्याचा हात फार चांगला आहे, हेही तिनेच सांगितले. पुढे काही आठवड्यांनी मी गेलो तेव्हा त्याला बाह्यरुग्ण विभागातून काढून शवविच्छेदनाच्या कामाला जुंपले होते. तिथे बोलावे लागत नाही, असे कारण मिळाले. वर्ष संपायच्या आत तो नोकरी सोडून गेला. माझा अर्ज त्याच्या कागदपत्रांत लागला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता या गोष्टीकडे वैयक्तिक पश्चात्तापापलीकडे जाऊन पाहू.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता हे त्यांत आले. उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन त्याने घातले. कागदावर हे ठीक दिसते. पण वैद्यकीय प्रवेशाचे नियम २०१९ साली सुधारण्यात आले, तेव्हा त्यांत एक चमत्कारिक गाठ बसली. वाचादोष चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर राखीव जागा नाही, कारण कायद्याला किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. आणि वाचादोष चाळीस टक्क्यांहून अधिक असेल तर प्रवेशच नाही, कारण नियमाच्या मते असा माणूस डॉक्टर होण्यास अपात्र. म्हणजे एका हाताने पाट मांडायचा आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घ्यायचे!

या गाठीशी झगडला तो महाराष्ट्रातलाच एक विद्यार्थी. ओमकार गोंड विरुद्ध भारत सरकार या नावाने तो खटला ओळखला जातो. त्याचा वाचादोष चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक, एवढ्यावरच त्याला दार बंद झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून त्याची तपासणी करविली, मंडळाने तो हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल असे मत दिले आणि त्याला प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सविस्तर कारणे दिली. केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. या माणसाला हे काम जमेल काय, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासून सांगितले पाहिजे आणि जमणार नसेल तर त्याची कारणे दिली पाहिजेत, असा त्याचा गाभा आहे. निकालाचे स्वागत केलेच पाहिजे. मात्र त्यात ज्या कर्तबगार दिव्यांगांची नावे आली आहेत त्यांत एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा आहेत, नृत्यांगना सुधा चंद्रन आहेत, आणि मला तिथे किंचित अडखळायला होते. एव्हरेस्ट न चढणाऱ्याचे काय?

हा प्रश्न मी खोडसाळपणाने विचारत नाही. २०१३ साली दक्षिण कोरियात ‘गुड डॉक्टर’ नावाची दूरचित्रवाणी मालिका निघाली. २०१७ पासून तिची अमेरिकन आवृत्ती आली आणि ती २०२४ पर्यंत चालली. आपल्याकडच्या तरुणांनीही ती पाहिली आहे. नायक स्वमग्न आहे, लोकांच्या चेहऱ्यावरचे भाव त्याला वाचता येत नाहीत, बोलताना तो भलतेच सत्य बोलून जातो. पण त्याची स्मरणशक्ती अलौकिक आहे. त्याला नोकरीवर ठेवावे की नाही यावर रुग्णालयाचे धुरीण वाद घालतात आणि तो कोणाचा तरी जीव चमत्काराने वाचवतो तेव्हा वाद मिटतो. मालिकेमागची सहानुभूती मी नाकारत नाही. पण तिचा हिशेब पाहा. इतरांनी साधारण असले तरी चालते; याने मात्र असामान्य असले तरच याला खुर्ची. दलित विद्यार्थ्याला ‘गुणवत्ता’ सिद्ध करायला लावणारा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. मी सांगितलेल्या तरुणाचा हात विलक्षण होता म्हणून आज माझे मन मला खाते. तो इतर शल्यचिकित्सकांइतकाच, चारचौघांसारखा असता तर मी हे भाषण केले असते काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर नसते केले. माझ्या विचारातली खरी खोट तिथे आहे.

कायद्यातही एक भोक आहे. शिक्षणातल्या पाच टक्क्यांत वाचादोष धरला जातो. पण नोकरीतल्या चार टक्क्यांची वाटणी करणाऱ्या चौतिसाव्या कलमात अंधत्व आहे, बहिरेपण आहे, चलनदोष आहे, स्वमग्नता आहे. वाचा व भाषा दोष स्वतंत्रपणे नाही. म्हणजे ज्या मुलाला न्यायालयाने वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून आत घेतले, त्याच्या वाट्याला सरकारी रुग्णालयाच्या दारात हे कलम येत नाही. पगडी मिळाली, डोके झाकले नाही, असा हा प्रकार.

आता दुसरी बाजू. रुग्णाने डॉक्टरचे बोलणे समजून घेणे हा त्याचा हक्क आहे, तो चोचला नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमती होत नाही आणि तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी वापरता येत नाही. मग ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही त्याने माहिती द्यायची कशी? शिवाय शस्त्रक्रियागृहात रक्तस्राव सुरू झाला, क्षणात आज्ञा द्यावी लागली, तर? हे आक्षेप खोटे नाहीत. कोणी दिव्यांग आहे म्हणून रुग्णाच्या जिवाशी खेळ करा, असे समतेचा कोणताही अर्थ सांगत नाही.

पण रुग्णाला न समजणारे डॉक्टर कोण, हे आधी मोजा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी महिलांची २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेला तयार केले, असे त्यांतल्या कितीतरी जणींनी सांगितले. भीती घालायला अस्खलित वाणी लागते. त्या डॉक्टरांपैकी कोणाच्या वाचादोषाची टक्केवारी कोणी काढली नाही. आपल्या झाडीपट्टीत पाहा. इथल्या बोलीत ‘ण’ नाही. पाणी हे ‘पानी’ असते. त्या बोलीत दुखणे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला शहरातून आलेला डॉक्टर मध्येच तोडतो आणि इंग्रजी शब्दांत निदान सांगून पुढच्या खाटेकडे जातो, तेव्हा संवादाचा दोष नेमका कोणात असतो? २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली तेव्हापासून या तालुक्याने न समजणाऱ्या कागदांवर किती आंगठे उठवले, हे आपणांस मी सांगायला नको. रुग्णालयातले संमतिपत्र त्याच जातीचा कागद आहे.

शस्त्रक्रियागृहातल्या आक्षेपाचे उत्तर मात्र उपदेशाने देता येणार नाही, व्यवस्थेनेच द्यावे लागेल आणि ते उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची एक तपासणी-सूची प्रसृत केली. एका पानाची आहे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे. प्रत्येक थांब्यावर ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे: रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, बाजू कोणती, रक्त किती जाण्याची शक्यता. सर्वांनी आपले नाव आणि काम सांगायचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. ती रुग्णालये बोलण्यात अडखळणाऱ्या डॉक्टरांची नव्हती. धडधाकट जिभेची माणसेही एकमेकांना आवश्यक ते सांगत नाहीत, म्हणून ती सूची करावी लागली. सूची मोठ्याने कोणी वाचायची? परिचारिका वाचू शकते, भूलतज्ज्ञ वाचू शकतो. प्रश्न ठरलेले असले की अडखळणाऱ्याला उत्तरही सोपे जाते आणि स्वमग्न माणसाला आडून बोललेले ओळखण्याचे ओझे उरत नाही. हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांना एकाच पोत्यात भरू नये: एकाला शब्द ठाऊक असतो पण निघत नाही, दुसऱ्याला शब्द येतो पण समोरच्याचे न बोललेले कळत नाही. पहिल्याला वेळ लागतो, दुसऱ्याला स्पष्टता. एवढे करूनही एखाद्या माणसाला एखादे विशिष्ट काम जमणार नाही, हे शक्य आहे. तो निर्णय मदत देऊन आणि काम पाहून व्हावा. नातेवाइकांच्या चेहऱ्यावरून नव्हे आणि माझ्यासारख्याच्या अर्जावरून तर नव्हेच.

वेळ, हा शब्द मी वापरला. त्या रात्री चित्र काढायला दहा मिनिटे लागली असतील. ती त्याला मिळाली, कारण रात्र होती. दिवसा बाह्यरुग्ण विभागासमोर दीडशे माणसांची रांग असताना ती कुठून यायची? ज्या रुग्णालयात मंजूर पदे रिकामी असतात, तिथे अडखळणारा डॉक्टर हा अडथळा वाटतो आणि भरभर बोलणारा कार्यक्षम ठरतो. पदे भरा, ही आपली जुनी मागणी आणि या तरुणाचा प्रश्न यांत भिंत नाही.

मुळाशी जायचे तर टाळू दुभंगलेल्या बालकापर्यंत जावे लागते. वेळेवर शस्त्रक्रिया आणि नंतर नियमित वाचोपचार मिळाले तर त्याची वाणी पुष्कळ सुधारते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हा दोष धरलेला आहे. शस्त्रक्रिया होऊन जाते. वाचोपचार मात्र महिनोन्‌महिने चालणारी गोष्ट. रोजंदारी बुडवून नागपूरला खेपा घालणे कोणत्या आईला परवडते? पुढे त्याच मुलाची टक्केवारी मोजायला मंडळ बसते.

ग्रामीण रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या आहेत. आपल्यापैकी काहीजण तिथे बसतात आणि बहुधा पाण्याची टाकी, पंखे, रुग्णवाहिका यांवर बोलतात. येत्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. संमतिपत्र या भागातल्या माणसाला समजेल अशा मराठीत असावे आणि त्यावर चित्रासाठी मोकळी जागा असावी. रुग्णाची बोली जाणणारी परिचारिका किंवा आशाताई संमतीच्या वेळी हजर असावी, मग डॉक्टर अस्खलित असो वा नसो. आणि वाचोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस तरी तालुक्याला यावा. तिसरी मागणी ताबडतोब फेटाळली जाईल, तेव्हा ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. अर्ज लिहायला कोणी लागला, तर मी आहे.