चिकन आणि कोंबडी एकच का?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोजागिरीच्या आटीव दुधापुढे मटणाचा विषय काढतोय, शाकाहारी मंडळींनी सांभाळून घ्यावं. मी कॉम्प्युटर इंजिनियर. आमच्या धंद्यात आतली गुंतागुंत झाकून माणसापुढे फक्त एक बटण ठेवतात. दुबई मरीनात मटणाचंही तसंच झालंय. तिसाव्या मजल्यावरून बटण दाबलं की प्लास्टिकखाली गुलाबी तुकडे दारात हजर! आमच्या बिल्डिंगमधल्या एका चिमुरड्याने विचारलं, "काका, चिकन आणि कोंबडी एकच का हो?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न अगदी योग्य वाटला.

गावाकडे असा प्रश्न पडत नाही. चार-पाच घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. बोकड कुणाच्या दावणीचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कापायला मुलाणी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकातल्या गावकामगारांत हा मुलाणीही भेटतो. हिंदू घरचा बोकडही तोच हलाल करी आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला हक्क असे. म्हणजे पाकिटावरचा 'हलाल' हा शब्द काही आपल्याला दुबईने शिकवलेला नाही! मुंडी, पाय, वजडी, कलेजी, सगळ्याला गिऱ्हाईक असे. बोकड डोळ्यांदेखत गेलेला, मग टाकायचा जीव कसा होणार?

शहर वाढलं की हे सगळं नजरेआड जातं. मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला तो १९७१ साली. इथे तर ईदची कुर्बानीसुद्धा मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच करावी लागते. ॲपवरून बोकड निवडा, मांस घरपोच येतं. स्वच्छता आणि जनावरांची तपासणी या दृष्टीने हे चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण पार्टीनंतर उरलेली बिर्याणी आपण किती सहज कचऱ्याच्या शूटमध्ये ढकलतो! डोळ्यांनी काही पाहिलेलंच नसतं ना.

तेव्हा एक विनंती. पुढच्या शुक्रवारी सुपरमार्केटात मुलांना पाकिटावरचा देश वाचायला लावा. ब्राझीलची गोठलेली कोंबडी, ऑस्ट्रेलियाचं कोकरू, भारतातून विमानाने आलेलं ताजं मटण. भूगोलाचा तास आपोआप होईल. मग एकदा त्यांना देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये न्या. जुन्या मासळी बाजाराच्या जागी तो २०१७ साली सुरू झाला. तिथे अख्खा सुरमई दिसतो, अख्खं टांगलेलं बकरं दिसतं, ते तोडणारा माणूस दिसतो. त्याच्याशी दोन शब्द बोला. पोरं घाबरतील? थोडी घाबरतील. एखादं म्हणेल, "बाबा, मी नाही खाणार." म्हणू दे! समजून सोडलं काय आणि समजून खाल्लं काय, दोन्ही मला मान्य आहे.

आणि सुट्टीत गावी गेलात की आजोबांना वाट्यांबद्दल जरूर विचारा. ते सांगतील तेवढं मला सांगता येणार नाही.

दूध गार होतंय.