पडद्यावरचा जवान आणि घरचा जवान



ह्या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा सातवीलाच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्याच्या पुस्तकात एकेका ओळीखाली बोट धरून झाले. त्यामुळे युद्धपटांवर बोला, असे चालकांनी सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. मग विचार केला, चित्रपटाची परीक्षा समीक्षकांनी खुशाल करावी; पण पडद्यावरचा जवान कोणाच्या घरातून गेलेला असतो, हे सांगायला बारामती-इंदापूरच्या माणसाला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या लहानपणी इंदापूर तालुक्यात जत्रेला तंबूचा सिनेमा येई. तिथे मातीत बसून आम्ही 'हकीकत' पाहिला. १९६२ च्या चीन युद्धावरचा, चेतन आनंद यांचा हा चित्रपट १९६४ चा. त्यात विजयाचा जल्लोष नाही. लडाखच्या बर्फात तुटून पडलेली, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेली माणसे आहेत. आमच्या शेजारी गावातली एक आजी बसली होती. तिचा मुलगा तेव्हा पलटणीत होता. परतताना तिने आम्हांला एकच विचारले, "एवढ्या थंडीत पोरांना भाकरी कोण करून घालतं रं?" तो प्रश्न आम्ही अजून विसरलो नाही. पुढे जो जो युद्धपट पाहिला, तो ह्या आजीच्या शेजारी बसूनच पाहिला असे म्हणा ना!

१९९७ साली 'बॉर्डर' आला. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या ठाण्यावर शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर रणगाडे थोपवून धरले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते रणगाडे टिपले, ही त्याची हकीकत. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण त्या चित्रपटात भैरोसिंग नावाचा जवान मरतो. खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईत मेले नव्हते. सेना पदक मिळवून ते घरी परतले आणि २०२२ साली वारले. पडद्याने त्यांना मारले, कारण मेलेल्या जवानाला हार घालणे सोपे असते. जिवंत परतलेला जवान पेन्शनीची चौकशी करतो, शेताच्या बांधासाठी तहसिलीत खेटे घालतो. त्याचे काय करावे हे कथालेखकाला उमगत नाही आणि आपल्यालाही उमगत नाही.

ह्याला एक अपवाद आहे. नाना पाटेकरांनी १९९१ साली 'प्रहार' काढला. त्यात मोहिमेत जायबंदी झालेला जवान घरी येऊन बेकरी चालवतो, गुंडांना हप्ता नाकारतो आणि मारला जातो. शेजारीपाजारी गप्प राहतात. त्याचा मेजर मग स्वतःच शस्त्र उचलतो. हा शेवट आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला पटत नाही, कारण गल्ली एकत्र आली असती तर मेजरची गरजच पडली नसती. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला, हे कबूल केले पाहिजे.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. लढाई म्हणजे बंदूकच नव्हे. ते फार मोठे श्रमाचे काम आहे. रामा राघोबा राणे हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर, गोळीबारात, सुरुंग काढून आणि अडथळे हटवून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळाले ते रस्ता मोकळा केल्याबद्दल! 'चंदू चॅम्पियन' ह्या २०२४ च्या चित्रपटामुळे आपले मुरलीकांत पेटकर सर्वांना कळले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आणि १९७२ साली अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहून सुवर्णपदक आणलेले हे पेटकर फौजेच्या यंत्रदुरुस्ती खात्यातले. आणि दूर कशाला जावे? वालचंदनगरच्या कारखान्यात नौदलाच्या युद्धनौकांचे गिअरबॉक्स तयार झाले. लेथवर उभा राहून ज्याने ते दाते कापले, तो कामगार कोणत्या चित्रपटात दिसतो?

एका कारखान्याच्या फाटकावर एक माजी सैनिक पहारा करीत. सतरा वर्षे फौजेत काढलेली आणि इथे बारा-बारा तास उभे. ते एकदा कचेरीत आले आणि म्हणाले, "अण्णा, पंधरा ऑगस्टला आमच्या गळ्यात हार घालतात. सोळाला जादा कामाचे पैसे मागितले, तर ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नका." सहा महिने भांडून थकबाकी वसूल झाली. तेव्हा आम्ही विचारले, "युद्धाचे पिक्चर पाहता का?" हसून म्हणाले, "पाहतो की! पण त्यात कोणी रजेचा अर्ज लिहिताना दिसत नाही."

आज पहाटे बारामतीच्या रस्त्याने निघा. भरतीसाठी पळणारी पोरे दिसतील. त्यांच्या मोबाइलमध्ये युद्धपटांतले संवाद असतात. पण २०२२ च्या अग्निपथ योजनेने जवानाची नोकरी मुळात चार वर्षांची ठरवली. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम व्हायचे. बाकीच्यांना एकरकमी निधी, पेन्शन नाही. मुदतीची नोकरी म्हणजे काय, हे आम्ही एमआयडीसीत रोज पाहतो. पोरांनी जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जाताना त्यांना पडद्यावरची शेवटची गोळी जशी ठाऊक असते, तसा नेमणुकीच्या कागदावरचा शेवटचा परिच्छेदही ठाऊक असावा. आणि चार वर्षांनी जे परत येतील, त्यांच्यासाठी ह्या दोन तालुक्यांत कोणते काम आहे, ह्याचा विचार कारखानदारांनी, सहकारी संस्थांनी आणि आम्ही युनियनवाल्यांनी आजच करावा.

युद्धपट जरूर पाहा. डोळे ओले झाले तर लाजू नका. फक्त बाहेर पडताना त्या आजीचा प्रश्न बरोबर घ्या. फाटकावर उभा असलेला माणूस जेवला का, एवढे तरी विचारा.