सूर्य न उगवणाऱ्या दिवसांतील उमेद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात हिवाळा हा सुखाचा ऋतू मानला जातो. कोवळे ऊन, बाजारात आलेली ताजी भाजी, संक्रांतीचा तिळगूळ आणि ओट्यावर ऊन खात बसलेली वडीलधारी मंडळी, असे त्याचे रूप येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. हिवाळ्याने माणसाचे मन खचते, असे येथे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला हसूच येईल. तथापि आज समाजातील अनेक घरांतील मुले-मुली लंडन, टोरांटो, अँटवर्प यांसारख्या नगरांत स्थिरावली आहेत, आणि डिसेंबरच्या सुमारास त्यांचा दूरध्वनीवरील आवाज उतरतो, हे पुष्कळ आई-वडिलांच्या ध्यानी आलेले असते. मग तर्क सुरू होतात. नोकरीत काही बिनसले असेल, सूनबाईंशी पटत नसेल, घरची आठवण येत असेल. यांतले काही खरेही असते. परंतु सूर्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

इंग्लंडमधील लेस्टर येथे जैन मंदिर आहे. एका जुन्या चर्चच्या वास्तूचे ते रूपांतर असून त्याची प्रतिष्ठा 1988 साली झाली. त्या नगरात डिसेंबरअखेर दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वाआठपर्यंत उगवत नाही. रात्रिभोजनत्यागाचा नियम कडकपणे पाळणाऱ्या नोकरदाराला तेथे संध्याकाळचे जेवण कचेरीत बसूनच, तेही चारच्या आत उरकावे लागेल. जूनमध्ये तोच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत थांबतो. सूर्याच्या घड्याळाने चालणाऱ्या माणसाला हा फरक पंचांगात पाहावा लागत नाही, तो रोजच्या ताटात दिसतो. इतरांच्या तो लक्षात येत नाही इतकेच. परिणाम त्यांच्यावरही होतच असतो.

हा परिणाम किती खोल जाऊ शकतो, याची एक सत्यकथा सांगण्याजोगी आहे. 16 ऑगस्ट 1897 रोजी बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून 'बेल्जिका' नावाचे जहाज दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात संशोधनासाठी निघाले. ॲड्रियन द गेर्लाश हे मोहिमेचे प्रमुख होते. दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यांत पंचविशीतला एक नॉर्वेजियन तरुण होता, रोआल्ड आमुंडसेन. पुढे 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेला तोच हा. जहाजावरील वैद्य होते अमेरिकेचे डॉ. फ्रेडरिक कुक. 1898 च्या मार्चच्या आरंभी हे जहाज हिमसमुद्रात पक्के अडकले. अंटार्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस मानवाने हिवाळा काढण्याची ती पहिलीच वेळ. तयारी अशी की सर्वांना पुरतील एवढे गरम कपडेही जहाजावर नव्हते. लाल घोंगड्या फाडून कपडे शिवावे लागले.

मे महिन्याच्या मध्यास सूर्य मावळला तो पुन्हा जुलैचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत उगवला नाही. सुमारे सत्तर दिवसांची ती रात्र. अठरा माणसे, एक लहानसे जहाज, आणि भोवती बर्फाचा कडकडाट. जूनच्या आरंभी एमिल दांको हा तरुण शास्त्रज्ञ हृदयविकाराने गेला. त्याला बर्फाला भोक पाडून समुद्रात सोडावे लागले. जहाजावर नान्सेन नावाचे लाडके मांजर होते. ते पुढे चिडखोर झाले, कोपऱ्यात बसू लागले आणि महिनाअखेर मेले. माणसांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. चेहरे फिकट पडले, नाडीचे ठोके अनियमित झाले, झोप लागेना, लागली तर उतरेना, बोलणे नकोसे झाले. एका खलाशाचे मन असे ढळले की मायदेशी परतल्यावरही तो सावरला नाही.

डॉ. कुक यांनी या साऱ्याची बारकाईने नोंद ठेवली आणि एक गोष्ट हेरली. सूर्याची उणीव भरून काढणारे काहीतरी या माणसांना हवे आहे, हे त्यांना उमगले. त्यांनी रोग्यांना रोज तासभर, कपडे उतरवून, धगधगत्या शेगडीसमोर बसविण्याचा उपचार सुरू केला. जहाजाभोवती बर्फावरून रोज ठरावीक फेरी मारण्याची सक्ती केली. आहारही बदलला, कारण अंधाराच्या जोडीला स्कर्व्ही हा रोग होता. वनस्पतीचे नाव नसलेल्या त्या प्रदेशात त्यांनी सील व पेंग्विनचे ताजे मांस खाण्यास लावले. या सभागृहातील श्रोत्यांना ते ऐकणे क्लेशदायक आहे. मात्र ते वगळल्यास हकीकत अपुरी राहील. स्कर्व्ही 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे विज्ञानाला नंतर कळले. ज्या देशात आवळा आणि लिंबू अंगणात मिळते, तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही, ही केवळ भूमीची कृपा. जहाजाचे कप्तान ल्कॉंत यांनी जगण्याची आशा सोडून मृत्युपत्र लिहिले होते. कुक यांच्या उपचारांनी ते काही दिवसांत हिंडूफिरू लागले. शेगडीच्या धगीने किती गुण आला आणि आहाराने किती, हे आज वेगळे काढता येत नाही. परंतु वैद्य रोज ठरल्या वेळी येतो, नाडी पाहतो, उठवून बसवितो, याचाही त्यात वाटा असलाच पाहिजे.

सूर्य परतला, तरी जहाज सुटले नाही. उन्हाळा निम्मा सरला तरी बर्फ तसाच. अन्न मर्यादित, आणि दुसरा हिवाळा म्हणजे बहुतेकांचा मृत्यू, हे सारे जाणून होते. सहाशे-सातशे मीटरवर मोकळ्या पाण्याचे एक तळे दिसत होते. तेथपर्यंत बर्फ कापून कालवा काढावा, असे कुक यांनी सुचविले. प्रथम ती कल्पना वेडगळ वाटली. मग 1899 च्या जानेवारीत शास्त्रज्ञ, अधिकारी आणि खलाशी असा भेद न ठेवता सर्वांनी करवती हाती घेतल्या आणि अखंड उजेडाच्या त्या दिवसांत पाळ्या लावून बर्फ कापला. काम संपत आले असता बर्फ सरकला आणि कालवा मिटला. फेब्रुवारीच्या मध्यास तो पुन्हा उघडला, जहाज तळ्यात आले, आणि आणखी महिन्याभराने खुल्या समुद्रास लागले.

विशेष असे, की सुटकेची खात्री नसताना, केवळ हाताला काम मिळाले म्हणून माणसे पुन्हा खाऊ, हसू, भांडूही लागली. सूर्य येईल, बर्फ वितळेल, अशी वाट पाहण्याने त्या जहाजावर कोणी तरले नाही. रोजचा ठरलेला कार्यक्रम, एकमेकांची सोबत आणि हाती करवत, एवढ्या शिदोरीवर ते तरले.

अंधाराचा हा आजार विज्ञानाने नीट ओळखला तो मात्र बऱ्याच उशिरा. डॉ. नॉर्मन रोझेंथल हे दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात वाढलेले मनोविकारतज्ज्ञ. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर प्रत्येक हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परततो, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले. 1984 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याची लक्षणे नेहमीच्या नैराश्याहून थोडी निराळी असतात. झोप उडण्याऐवजी वाढते, भूक मंदावण्याऐवजी गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ लागते, वजन वाढते, अंग जड होते, माणसांत मिसळणे नकोसे होते. पुढे नेत्रपटलात अशा विशिष्ट पेशींचा शोध लागला की ज्या दृष्टीसाठी नसून शरीराच्या घड्याळाला वेळ सांगण्यासाठी आहेत. सकाळचा उजेड त्यांच्यावर पडला नाही तर ते घड्याळ मागे पडते.

आकडे पाहिले की उलगडा होतो. उजेड मोजण्याचे एकक लक्स होय. भर उन्हात ते एक लाखाच्या घरात जाते. घरातल्या दिव्याखाली दोन-तीनशे लक्सही कष्टाने मिळतात, आणि आकाश ढगाळलेले असले तरी दुपारी दाराबाहेर त्याच्या अनेक पटींनी मिळतात. म्हणजे 'बाहेर काय आहे, नुसता अंधारून आलेला दिवस' असे म्हणून घरात बसणारा माणूस स्वतःहून औषध नाकारत असतो. युरोप-अमेरिकेत यासाठी दहा हजार लक्सचे खास दिवे मिळतात. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास त्यांच्यासमोर बसावयाचे असते. डोळ्यांचा विकार असलेल्यांनी किंवा मनाचे चढउतार तीव्र असणाऱ्यांनी मात्र वैद्याला विचारल्याविना ते वापरू नयेत.

येथे एक कोडे आहे. अंधार हेच कारण असेल, तर जितके उत्तरेस जावे तितकी माणसे अधिक दुःखी दिसावयास हवीत. तसे नेहमी आढळत नाही. आइसलँडमध्ये हा आजार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून कमी आढळला, असे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रोम्सो नगरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. केरी लीबोवित्झ या अमेरिकन मानसशास्त्राच्या अभ्यासक 2014 मध्ये तेथे गेल्या त्या नेमका हाच प्रश्न घेऊन. दक्षिणेतील ऑस्लोपेक्षा ट्रोम्सोतील लोक, आणि त्याहून उत्तरेकडील स्वालबार्डचे लोक, हिवाळ्याकडे अधिक आपुलकीने पाहतात, असे त्यांना व त्यांच्या नॉर्वेजियन सहकाऱ्यांना आढळले. अशी दृष्टी असणारे एकंदरीत अधिक समाधानीही होते. दृष्टीमुळे समाधान की समाधानामुळे दृष्टी, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तेथील जीवन पाहण्यासारखे आहे. भर दुपारच्या निळसर संधिप्रकाशातही माणसे बर्फावर फिरावयास निघतात. घरोघरी मेणबत्त्या लागतात, शेजारी एकत्र बसतात. या उबदार सोबतीसाठी त्यांच्या भाषेत 'कोसेलिग' असा खास शब्द आहे. डोंगराआडून सूर्याचे पुन्हा दर्शन होण्याचा दिवस 21 जानेवारी हा धरला जातो. त्या दिवशी गोड पाव वाटले जातात. आकाश ढगाळ असले, तरीही वाटले जातात!

त्याच देशात रयुकान नावाचे गाव अरुंद दरीत वसले आहे. डोंगराच्या सावलीमुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तेथे ऊन पोहोचत नाही. तेथील कारखान्याने 1928 मध्ये कामगारांसाठी डोंगरावर जाणारा रज्जुमार्ग बांधून दिला, तो त्यांना हिवाळ्यात जरा ऊन मिळावे म्हणूनच. 2013 मध्ये डोंगरमाथ्यावर तीन मोठे आरसे बसविण्यात आले. ते सूर्यामागे फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. आरंभी खर्चावरून गावात कुरबूर झाली, हे ओघानेच आले. लोकवर्गणीचे काम काढणाऱ्या कोणत्याही संस्थेला तो अनुभव नवा नाही.

भारतीयांनाही ही दीर्घ रात्र अपरिचित नाही. 1984 मध्ये बारा भारतीयांनी अंटार्क्टिकावरील दक्षिण गंगोत्री या तळावर पहिला हिवाळा काढला. पुढे मैत्री आणि भारती ही स्थानके उभी राहिली. त्यांची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र पाहते, आणि पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञही तेथे जात असतात. मैत्री येथे सुमारे दोन महिने सूर्य दिसत नाही. 21 जून, म्हणजे रात्रीचा मध्य, हा तेथील सर्व देशांच्या तळांवर सणासारखा साजरा होतो. अंधार संपल्यावर तर कोणीही सण करील. त्यांनी तो अर्ध्या वाटेवर ठेवला आहे.

आता पुन्हा त्या दूरध्वनीकडे. उतरलेला आवाज ऐकून 'मन घट्ट कर', 'येथे काय कमी होते' असे बोलण्याने काही साधत नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. सकाळी उजेडात बाहेर पडतोस का? झोप किती होते? गेल्या वर्षी याच दिवसांत असेच वाटत होते का? या आठवड्यात कोणाकडे जेवावयास गेलात का? जवळ मंदिर असेल तर रविवारी तेथे जाण्याचा आग्रह धरावा. दर्शनाबरोबर चार माणसे भेटतात, हा लाभही लहान नाही. सामायिक, स्वाध्याय यांसाठी सकाळची वेळ ठरलेली असेल तर ती खिडकीजवळ, उजेडात ठेवण्यास सांगावे. आणि दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, कामे अडत असतील, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावयास लावावे. पोट दुखले असता जे तत्परतेने केले जाते, तेच येथेही करावयाचे आहे. त्यात घराण्याची अप्रतिष्ठा नाही.

राहता राहिले डॉ. कुक. त्यांचे पुढील आयुष्य निष्कलंक राहिले नाही. 1908 मध्ये उत्तर ध्रुव गाठल्याचा त्यांचा दावा जगाने मानला नाही, आणि 1923 मध्ये तेल कंपनीच्या समभागांतील फसवणुकीबद्दल त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. जुने स्नेही दूर झाले. 1926 च्या जानेवारीत, आमुंडसेन अमेरिकेत व्याख्यानांसाठी आले असता, लोकापवादाची पर्वा न करता, लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्यांना भेटावयास गेले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात 'बेल्जिका'च्या त्या हिवाळ्याविषयी लिहिताना, सर्वांनी धीर सोडला असता ज्याची आशा आणि प्रसन्नता ढळली नाही असा पुरुष म्हणून त्यांनी नाव घेतले ते कुक यांचेच. त्या वेळी कुक कैदेतच होते. तेथून ते 1930 मध्ये सुटले.