पेटी न उघडता खात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण आरोग्य, काटकसर, मुलांचे संगोपन अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला अण्वस्त्रांवर बोलायला सांगितले, तेव्हा मी थोडी बिचकलेच. पण मनात आले, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तो सकाळी सव्वाआठच्या सुमारास, घरोघर सकाळची कामे चालू असताना. ज्या अस्त्राने पहिला घाव घरादारांवर घातला, त्याचा विषय आपल्याला परका कसा म्हणावा?

२०२५ सालच्या आरंभी जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रे होती आणि त्यांतली बहुतेक अमेरिका व रशिया या दोघांकडे होती. ती मोडून टाकावीत, असे आपण सहज म्हणतो. परंतु मोडण्याची इच्छा झाली तरी पुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. एक राष्ट्र म्हणते, “या पेटीत आमचा बाँब आहे, तो आम्ही मोडतो.” पेटीत खराच बाँब आहे की लोखंडाचा गोळा, हे दुसऱ्याने कसे ओळखावे? उघडून दाखवा म्हणावे, तर ते कोणी दाखवणार नाही. शिवाय दाखवूही नये. कारण बाँबची रचना पाहणाऱ्याला कळली, तर अस्त्रे कमी करण्याच्या निमित्ताने ती करण्याची विद्याच पसरायची.

आजवरच्या करारांनी बहुधा हा प्रश्न बाजूला ठेवला. १९८७ साली अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. १९९१ पर्यंत २६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. हे काम मोठे खरे. पण त्यांच्या टोकाचे बाँब मोडण्याची अट त्यात नव्हती. तो करारही २०१९ साली संपुष्टात आला.

मग पेटी न उघडता आतले ओळखण्याचा काही उपाय आहे का? आहे, आणि तो निसर्गानेच दिला आहे. बाँबमधले प्लुटोनियम कधी स्वस्थ बसत नाही. त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण आणि गॅमा किरण सतत बाहेर पडत असतात. प्रत्येक किरणोत्सारी द्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. फोडणीच्या वासावरून शेजारी काय शिजते आहे ते आपण ओळखतो ना, तसेच हे.

जुलै १९८९ मध्ये काळ्या समुद्रात याल्टाजवळ याचा मोठा प्रयोग झाला. ‘स्लावा’ या सोव्हिएत युद्धनौकेवर अमेरिकन शास्त्रज्ञांना बोलावण्यात आले. क्षेपणास्त्राच्या नळीवर त्यांनी जर्मेनियमचे मोजणीयंत्र ठेवले. नळी न उघडता आतल्या युरेनियमची व प्लुटोनियमची खूण त्यांना मिळाली.

परंतु याच यशात अडचण लपलेली होती. वासावरून भाजी कळते, तसे जाणत्या सुगरणीला मसालाही कळतो! किरणांच्या बारीक मोजणीवरून बाँबच्या रचनेचा अंदाज बांधता येतो. म्हणजे यंत्र कमी जाणणारे असेल तर फसवणूक होते, आणि फार जाणणारे असेल तर गुपित फुटते.

या कोड्यावर २०१४ साली अमेरिकेतील ग्लेझर, बराक आणि गोल्डस्टन या तिघांनी एक युक्ती मांडली. त्यांनी गोट्यांचे उदाहरण घेतले होते. मी मोत्यांचे घेते.

समजा, वहिनींकडे दोन बंद डब्या आहेत. दोन्हींत मोती सारखेच, असे त्या म्हणतात. पण किती, ते सांगणार नाहीत. मग त्यांनी दोन बटवे भरून आणावेत. डबीत साठ मोती असतील तर बटव्यात चाळीस, म्हणजे एकूण शंभर. कोणता बटवा कोणत्या डबीत ओतायचा, ते मात्र तुम्ही सांगायचे. ओतून झाल्यावर मोजा. दोन्हीकडे शंभर भरले, तर डब्या सारख्या. आणि मूळचे मोती किती, ते तुम्हाला कळलेच नाही! वहिनींनी लबाडी करून एकीत साठ व दुसरीत पन्नास ठेवले, तर कोणत्या बटव्यात किती भरावे ही त्यांना पंचाईत. एखाद्या वेळी त्या निभावून जातील. पाच वेळा तपासले तर बत्तिसांत एकदाच.

बाँबच्या बाबतीत मोत्यांच्या जागी बुडबुडे येतात. जेलीसारख्या पदार्थात सूक्ष्म थेंब असतात. न्यूट्रॉन लागला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि तो तसाच राहतो. अशा नळ्यांत यजमान काही बुडबुडे आधीच भरून ठेवतो. मग यंत्रातून सोडलेले न्यूट्रॉन पेटीतून पार होऊन नळ्यांवर पडतात. वस्तू खरी असेल तर सर्व नळ्यांत ठरलेलाच आकडा भरतो. खोटी असेल तर कुठेतरी कमी-जास्त होते.

सेबास्तिएन फिलिप हे प्रिन्स्टनला डॉक्टरेटचे विद्यार्थी असताना, २०१६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला. बाँब अर्थातच नव्हता. पोलादाचे व अ‍ॅल्युमिनियमचे दोन-दोन इंचांचे ठोकळे मांडले होते. एका ठोकळ्याची अदलाबदल ओळखता यावी, म्हणून बुडबुडे मोजीत बसायचे! असे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच येते. पण निवडणे-टिपणे ज्यांनी आयुष्यभर केले, त्या आपण अशा कामाची किंमत जाणतो.

हा उपाय सर्व रोगांवर नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिला नमुना खरा असावा लागतो. त्यासाठी तळावर जाऊन, प्रत्यक्ष तैनात क्षेपणास्त्रांमधून पाहणाऱ्याने हवा तो निवडायचा, असा मार्ग सुचवला आहे. शिवाय कोणी तळघरात बाँब लपवून ठेवला, तर बुडबुडे तो शोधून देणार नाहीत. आणि मोजणारे यंत्र कितीही चोख असले, तरी दार उघडून आत येऊ देण्याचे मन यंत्र कोठून आणणार?

तरीही मला यात मोठा धीर वाटतो. ‘आधी विश्वास बसू दे, मग शस्त्रे खाली ठेवू’ असे म्हणत पिढ्या गेल्या. ही शास्त्रज्ञ मंडळी म्हणतात, विश्वास नसेना का. एकमेकांचा मान राखून तपासण्याची रीत तरी बसवू. आपल्या भिशीचा हिशेब आपण दरमहा सर्वांसमोर वाचतो, तो कोणी चोर आहे म्हणून नाही. हिशेब चोख म्हणूनच भिशी इतकी वर्षे चालली आणि मैत्रीही टिकली.

आपल्या लेकी-नातींपैकी कोणी उद्या पदार्थविज्ञान शिकायला निघाली आणि “मी किरण मोजणार” म्हणाली, तर ‘याचा काय उपयोग?’ असे तिला विचारू नका. उपयोग आहे, हे आज तुम्ही ऐकले आहे.