नावावर न झालेली गाडी



सांगलीच्या ज्या व्यासपीठावरून काल संतवाङ्मयावर विवेचन झाले आणि उद्या नाट्यसंगीतावर होणार आहे, त्याच व्यासपीठावरून आज जुनी मोटार खाजगी मालकाकडून निर्धास्तपणे कशी खरेदी करावी हा विषय मांडला जावा, याबद्दल व्याख्यानमालेच्या मंडळाच्या काही सभासदांनी नापसंती दर्शविल्याचे माझ्या कानी आले आहे. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे; परंतु ज्या व्यवहारात मध्यमवर्गीय कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक एका दुपारी हातची जाते, आणि ज्यातील एक नोंद राहून गेल्यामुळे परक्याच्या घरची विधवा नुकसानभरपाईसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत बसते, तो व्यवहार सुजाण सभेच्या विचाराला अपात्र आहे असे मी मानीत नाही. माझी उभी हयात मोटार अपघातांच्या दाव्यांत वकिली करण्यात गेली, आणि आज जे सांगणार आहे ते त्या दप्तरांतूनच माझ्या हाती आलेले आहे.

यंत्राच्या परीक्षेविषयी मी फारसे बोलणार नाही. ती तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी, कारण मालकाने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते; निळसर धूर निघाला तर ऑइल जळत आहे असे समजावे; किलोमीटरच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्या आणि पेडलवरचे झिजलेले रबर यांची साक्ष घ्यावी; आणि आपल्या विश्वासातला मिस्त्री सोबत नेऊन भर दिवसा, मालकाच्या दारातच गाडी पाहावी. — मागून कोणी तरी 'आणि पुरात बुडाली होती का ते!' असे म्हणाले. (हशा) बरोबर आहे, सांगलीत हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी ज्या गल्ल्यांतून शिरले, त्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांचे पुढे काय झाले, याचा कधी विचार केला आहे काय? काही भंगारात गेल्या, काही दुरुस्त होऊन त्याच घरी राहिल्या, आणि काही धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे चढवून, जेथे पूर आला नव्हता अशा जिल्ह्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट अखेरपर्यंत ओढून बाहेर काढावा. पाण्याची रेघ आणि गाळाचा डाग तेथे टिकून राहतो, कारण तेवढा पट्टा धुण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. पायाखालचे मॅटिंग उचलून पत्र्यावरचा गंज पाहावा, सीटच्या रुळांतला गाळ नखाने खरवडून पाहावा, आणि काचा बंद करून घटकाभर आत बसावे. कुबट वास आला तर किंमत कितीही उतरली तरी उठून यावे, कारण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्ष-दोन वर्षांनी आपला हिशेब मागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्राचा दोष पैशाने निस्तरता येतो. नोंदीचा दोष मात्र कित्येकदा पैशानेही निस्तरत नाही, हे माझे ठाम मत आहे आणि ते बदलावे असा एकही दावा मला आजवर भेटलेला नाही. गुंठाभर जमीन घ्यायची झाली तर आपला शेतकरी सात-बारा पाहतो, जुने फेरफार काढवितो, इतर हक्कांत कोणा सोसायटीचा बोजा आहे काय याची चौकशी करतो, आणि आपले नाव लागेपर्यंत तलाठ्याची पाठ सोडीत नाही. तोच मनुष्य लाखांची मोटार घेताना आरसी बुक आणि सह्या केलेले मालकीबदलाचे कोरे टीटी फॉर्म खिशात घालून, पेढे वाटून मोकळा होतो! 'नावावर काय, केव्हाही करता येईल,' हे वाक्य मी इतक्या पक्षकारांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते ऐकताच मला मनस्वी वेदना होतात.

कायदा काय सांगतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तोच मालक, अशी व्याख्या आहे. त्याच कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने, गाडी त्याच राज्यात विकली असल्यास, 14 दिवसांत नमुना 29 मध्ये आरटीओला वर्दी द्यायची असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नमुना 30 देऊन आपले नाव लावून घ्यायचे असते. आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने असा स्पष्ट निवाडा दिला आहे की, गाडी विकली जाऊन पुढे कितीही हातांतून फिरली असली तरी, दप्तरी ज्याचे नाव राहिले त्याचेच भरपाईचे दायित्व राहते. अपघातग्रस्ताने खऱ्या ताबेदाराच्या शोधात दारोदार हिंडावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हा निवाडा मला न्याय्य वाटतो. तो कोणाला कठोर वाटत असेल तर त्याने पुढची हकीकत ऐकावी.

ही हकीकत चार वाक्यांत सांगावी असे घरून ठरवून आलो होतो. पण ती तशी सांगता येत नाही. नदीकाठच्या एका गावातील निवृत्त गुरुजींनी आपली जुनी मोटार ओळखीच्या माणसाच्या भाच्याला विकली. पैसे चोख मिळाले, गुरुजींनी टीटी फॉर्मांवर सह्या करून दिल्या, आणि भाच्याने ते फॉर्म गाडीच्या कप्प्यात ठेवून दिले. वर्षभराने त्याने गाडी दुसऱ्याला दिली, फॉर्मही दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक जण नोंदणीची फी आणि आरटीओतला हेलपाटा वाचवीत गेला, आणि दरम्यान विम्याची मुदत संपली तेव्हा तो भरण्याची जबाबदारी आपली आहे असे कोणालाच वाटले नाही. एका हिवाळ्यात, कारखान्याच्या रस्त्यावर, दिवेलागणीला त्या गाडीने एका ऊसतोड मजुराला उडविले. तो जागीच गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि मुकादमाची उचल.

श्रोतेहो, त्या प्रकरणात मी वकील होतो तो त्या विधवेचा. गाडी चालविणारा फरारी, विमा संपलेला, आणि दप्तरी नाव गुरुजींचे. तेव्हा दावा गुरुजींवर लावण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. साक्षीच्या पिंजऱ्यात ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात गाडी विकल्याची पावतीसुद्धा नव्हती. असती तरीही भरपाईच्या दायित्वातून ते सुटले नसते. उलटतपासणीत मी विचारले, 'नाव बदलले की नाही, याची आपण कधी चौकशी केलीत काय?' ते म्हणाले, 'तो चांगल्या घरचा मुलगा होता.' निकाल आमच्या बाजूने लागला. गुरुजींनी निवृत्तीच्या ठेवी मोडून रक्कम न्यायालयात भरली, आणि ती भरीपर्यंत त्या बाईने कोपरगावापासून कर्नाटकापर्यंत कित्येक हंगाम एकटीने कोयता चालविला. दोघेही निरपराध होते. अपराध होता तो कप्प्यात पडून राहिलेल्या त्या कागदांचा, आणि ते कप्प्यात राहू देणाऱ्या खरेदीदारांचा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. (आवाज : बोला, बोला!) उरलेले त्वरेने सांगतो.

सौद्यापूर्वी गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून मालकाचे नाव, विमा आणि थकलेली ई-चलने पाहावीत. आरसीवर बँकेचे तारण असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना 35 हाती आल्याखेरीज इसाराचा एक रुपयाही देऊ नये. 'हप्ते फिटले आहेत' हे तोंडी आश्वासन तारण उतरवीत नाही. चॅसिस आणि इंजिनवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहावा, कारण चोरीची वस्तू विकणाऱ्याला मुळात जी मालकी नव्हती ती तुम्हांला मिळू शकत नाही. हे तत्त्व 1930 च्या मालविक्री कायद्यापासून अबाधित आहे. मूळ मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावे झाली पाहिजे, त्यासाठी नमुना 31 आहे. दुसऱ्या राज्यातील गाडीला तेथील आरटीओचा नमुना 28 लागतो. पैसे बँकेतून द्यावेत, आणि ताबा घेताना तारीखच नव्हे तर वेळही घातलेली ताबापावती दोघांच्या सह्यांनी करावी. कारण त्याच संध्याकाळी त्या गाडीने गुन्हा केला तर ती कोणाच्या ताब्यात होती हा प्रश्न त्या वेळेवरूनच सुटतो.

विम्यासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कलम 157 मुळे त्रयस्थाचा विमा गाडीबरोबर येतो, परंतु तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप येत नाही. कंपनीच्या दप्तरी तुमचे नाव लागण्यापूर्वी गाडी जळाली वा चोरीस गेली, तर कंपनी तुम्हांला ओळखीत नाही. त्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचाच. तो दाखवून कोणी किंमत वाढवू पाहील तर देऊ नये.

समोर बसलेले एक गृहस्थ मघापासून मान हलवीत आहेत; त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, की हे सर्व एजंट करून देतो. मी एजंटांचा शत्रू नाही. परंतु एजंटाला कागद दिले म्हणजे नोंद झाली असे नव्हे, आणि नवे आरसी हाती पडेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे खरेदीदाराने स्वतःला सांगू नये. विकणाऱ्यानेही कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. खरेदीदाराचे नाव आणि तारीख घालूनच करावी. जो खरेदीदार विकणाऱ्याचे नाव दप्तरातून उतरविण्याची घाई करतो, तोच स्वतःही निर्धास्त राहतो. या दोन सुरक्षितता वेगळ्या नाहीतच.

या सभागृहात असे अनेक असतील की ज्यांनी पूर्वी कधी तरी एखादी स्कूटर किंवा मोटार विकली आणि सही करून विसरून गेले. त्यांना माझी विनंती आहे : उद्या सकाळी त्या जुन्या गाडीचा नंबर आठवून ती आज कोणाच्या नावावर दिसते ते पाहा, आणि ती अजून तुमच्याच नावावर असेल, तर ज्याला विकली त्याला घेऊन येत्या सोमवारी आरटीओत जा.